परदेशात खर्चाचे पैसे न्यायचे कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिकिटं काढून होतात, व्हिसा होतो, बॅगा निम्म्या भरून होतात, आणि मग शेवटच्या चार दिवसांत कुणाला तरी आठवतं की अरे, पैशांचं काय? त्यानंतर जे हाताला लागेल ते घेऊन माणसं विमानात बसतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत.

एका वाक्यात सांगा, सगळ्यात चांगला पर्याय कोणता?

दोन वेगवेगळ्या बँकांची दोन कार्डं, पहिले दोन दिवस निभतील एवढी रोकड, आणि ही तिन्ही कधीही एका पाकिटात नाहीत.

आता जरा सविस्तर. रोकड, डेबिट कार्ड, क्रेडिट कार्ड, फॉरेक्स कार्ड यांची तुलना करताना सगळे आधी 'स्वस्त कुठलं' ते बघतात. बघावंच. पण ठीकठाक पर्याय आणि उत्तम पर्याय यांच्यातला फरक शेकडा तीन-चारच्या घरात असतो. उलट पाकीट मारलं गेलं आणि जवळ दुसरं काहीच नसलं, तर शंभरातले शंभर जातात आणि वर सहलीचे दोन दिवस धावपळीत जातात. म्हणून मी आधी एवढंच विचारतो: शनिवारी रात्री हे पाकीट गेलं, तर सोमवारी बँका उघडेपर्यंत कशावर काढाल? याचं उत्तर तयार असेल तर मग खुशाल टक्क्यांचा हिशोब मांडा.

'शून्य कमिशन' असा बोर्ड लावलेल्या काउंटरवर पैसे बदलले तर फायदाच ना?

खरी मेख इथेच आहे. कमिशन शून्य असतं, पण वटणावळ, म्हणजे चलन बदलून देण्याचा मोबदला, दरातच धरलेली असते.

समजा फलकावर एका परदेशी चलनासमोर दोन आकडे आहेत: 'आम्ही घेतो ८८, आम्ही देतो ९६'. बाजारातला मधला भाव ९२ आहे. म्हणजे तुम्ही ते चलन घेताना एककामागे ४ जास्त देताय, सव्वाचार टक्क्यांहून थोडं अधिक. सहल रद्द झाली आणि तेच पैसे तुम्ही त्याच काउंटरवर परत दिले, तर ९६ ला घेतलेलं ८८ ला जाईल, म्हणजे सव्वाआठ टक्के गेले. आणि पावतीवर कमिशन? शून्य. बोर्ड खोटं बोलत नाही, फक्त सगळं सांगत नाही.

म्हणून दोन गोष्टी करायच्या. मोबाइलवर त्या दिवसाचा मधला भाव बघून ठेवायचा. आणि काउंटरवर 'दर काय' असं विचारण्याऐवजी विचारायचं, 'एवढे दिले तर सगळं धरून माझ्या हातात किती पडतील?' दोन काउंटरांची तुलना करायची तर ती हातात पडणाऱ्या रकमेवर. दोन आकड्यांमधलं अंतर जितकं जास्त, तितकं ते दुकान तुम्हाला महाग. विमानतळावर आणि पर्यटकांच्या गर्दीच्या चौकात हे अंतर बहुधा सगळ्यात जास्त असतं, कारण तिथे उभ्या असलेल्या माणसाला घाई असते आणि ते त्यांना पक्कं ठाऊक असतं.

मग रोकड किती न्यायची?

विमानतळावरून मुक्कामी पोचणं, त्या रात्रीचं जेवण, दुसऱ्या दिवसाचा किरकोळ खर्च, आणि वर अडीअडचणीला थोडी. पण आकडा देश बघून ठरतो. स्वीडनमध्ये कित्येक दुकानं रोख घेतच नाहीत. लंडनच्या बसमध्ये ६ जुलै २०१४ पासून रोख चालत नाही. उलट जर्मनीत आजही एखाद्या छोट्या उपाहारगृहात 'फक्त रोख' ही पाटी दिसते, आणि जपानमध्ये लहान गावांत रोख लागतेच. मोठ्या शहरात फिरणार असाल तर कमी, खेड्यापाड्यांत आणि बेटांवर जाणार असाल तर जास्त, हा ढोबळ हिशोब.

रोकड गेली की गेली. ती कुणी 'ब्लॉक' करून देत नाही.

तिथलंच चलन न्यावं की डॉलर-युरो?

तिथलं चलन चांगल्या दरात घराजवळ मिळत असेल तर तेच. पण बऱ्याच छोट्या देशांचं चलन बाहेर मिळत नाही, आणि काहींचं तर आणायलाच बंदी असते. ट्युनिशियाचा दिनार देशात आणता येत नाही आणि बाहेरही नेता येत नाही. अशा ठिकाणी डॉलर किंवा युरो न्यायचे, तिथे उतरून बदलायचे आणि बदलल्याच्या पावत्या निघेपर्यंत जपायच्या, कारण उरलेलं चलन परत बदलताना त्या मागतात.

काही देशांत प्रश्नच येत नाही. इक्वेडोर, एल साल्वाडोर आणि पनामा इथे अमेरिकन डॉलरच चालतो. कंबोडियात स्वतःचं चलन असूनही डॉलर सर्रास घेतला जातो.

आपलं चलन आधी डॉलरमध्ये आणि मग डॉलर तिथल्या चलनात बदलायचं म्हणजे वटणावळ दोनदा जाते. गरज नसेल तिथे हा द्राविडी प्राणायाम टाळावा.

नोटा जुन्या असल्या तर चालतात का?

जिथली नोट तिथे एखादवेळ चालेल, दुसऱ्या देशात नाही. अमेरिकेने १८६१ पासून काढलेल्या सगळ्या नोटा कायद्याने आजही वैध आहेत, पण हे दूरच्या देशातल्या काउंटरवरच्या माणसाला सांगून उपयोग नाही. तो नोट उजेडात धरतो, घडीची रेघ बघतो, कोपऱ्यातलं शाईचं टिंब बघतो आणि परत सरकवतो. शंभराची नोट असेल तर २०१३ मध्ये आलेली, निळ्या पट्टीची मागून घ्या. घड्या घालू नका, एखाद्या पुस्तकात सरळ ठेवून न्या.

घरात मागच्या सहलीचे पौंड पडले असतील तर तेही तपासा. कागदी २० आणि ५० पौंडांच्या नोटांचा दुकानात चालण्याचा शेवटचा दिवस ३० सप्टेंबर २०२२ हा होता. बँक ऑफ इंग्लंड त्या बदलून देते, पण टॅक्सीवाला घेणार नाही. क्रोएशियाच्या कुनाचंही तसंच, १ जानेवारी २०२३ पासून तिथे युरो आहे.

आणि मोठी नोट म्हणजे सोय नव्हे. ५०० युरोची नोट वैध असली तरी २०१९ पासून नवी निघत नाही, आणि दुकानदार ती हातात घ्यायलाही कचरतात. सुट्टे मागून घ्यायला लाजू नका.

डेबिट, क्रेडिट की फॉरेक्स कार्ड?

तिन्हींची कामं वेगळी आहेत, त्यामुळे भांडण लावण्यात अर्थ नाही.

क्रेडिट कार्ड हॉटेल, गाडी आणि मोठ्या खरेदीसाठी. दर साधारण व्हिसा किंवा मास्टरकार्डचा त्या दिवसाचा असतो (दोघांच्याही संकेतस्थळांवर तो बघता येतो) आणि त्यावर तुमची बँक आपला परदेशी व्यवहाराचा अधिभार लावते. काही कार्डांवर तो शून्य असतो, अनेकांवर तीन टक्क्यांच्या आसपास. निघण्यापूर्वी बँकेला विचारायचा प्रश्न हाच. फसवणूक झाली तर वाद मिटेपर्यंत बँकेचे पैसे अडकलेले असतात, तुमचे नव्हे. हा मला याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

डेबिट कार्ड एटीएममधून पैसे काढण्यासाठी. ज्या खात्यात सगळी पुंजी आहे त्याचं कार्ड नेऊ नका. वेगळं खातं ठेवा, त्यात सहलीपुरते पैसे टाका, कमी पडले तर फोनवरून आणखी वळवा.

फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं प्रीपेड कार्ड. पैसे भरले त्या दिवसाचा दर पक्का होतो. पुढे परदेशी चलन महागलं तर तुम्ही वाचलात, स्वस्त झालं तर चुकलात. ज्याला खर्च ठरवून ठेवायचा आहे, किंवा शिकायला गेलेल्या मुलाच्या हातात पैसे द्यायचे आहेत, त्याला हे बरं. पण त्याचा छापील तक्ता शेवटपर्यंत वाचा: भरण्याचं शुल्क, एटीएमचं शुल्क, बरेच दिवस न वापरल्याचं शुल्क, उरलेले पैसे परत घेण्याचं शुल्क. कार्डात युरो भरलेत आणि खर्च स्विस फ्रँकमध्ये केलात तर बहुधा त्याचाही वेगळा अधिभार लागतो. शिवाय पेट्रोल पंपावर, टोलनाक्यावर, तिकिटाच्या यंत्रात, जिथे समोर माणूस नसतो तिथे, प्रीपेड कार्ड अडून बसण्याची शक्यता जास्त.

दुकानदार विचारतो, 'तुमच्या चलनात घेऊ की इथल्या?' काय सांगायचं?

इथल्या. नेहमी इथल्या. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. ऐकायला सोयीचं वाटतं: पडद्यावर आपल्या ओळखीच्या चलनात आकडा दिसतो, किती गेले ते लगेच कळतं. पण 'आपल्या चलनात' म्हटलं की दर तुमच्या बँकेचा राहत नाही, त्या दुकानामागच्या कंपनीचा होतो, आणि तो त्यांना हवा तसा असतो. त्यातला हिस्सा दुकानालाही मिळतो, म्हणून तर इतक्या अगत्याने विचारतात. कित्येक बँका त्यावर आपला अधिभार लावायचा तो लावतातच. युरोपीय संघात एप्रिल २०२० पासून हा दर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा किती टक्के जास्त आहे ते दाखवणं बंधनकारक आहे. तो टक्का एकदा वाचला की पुन्हा मोह होत नाही.

एका छोट्या हॉटेलात निघताना मी बिल भरत होतो. काउंटरवरच्या मुलाने यंत्र माझ्याकडे वळवलंच नाही, स्वतःच बटण दाबलं आणि हसून पावती दिली. पावतीवर दोन रकमा, मध्ये एक दर, आणि खाली बारीक अक्षरांत 'ग्राहकाने स्वतः निवड केली आहे' अशा अर्थाचं वाक्य. मी पावती तशीच त्याच्यासमोर ठेवली, व्यवहार रद्द करून पुन्हा स्थानिक चलनात करायला सांगितलं. जरा कपाळाला आठ्या पडल्या, पण झालं. सही करण्यापूर्वी किंवा तिथून हलण्यापूर्वी सांगितलं तर होतं, घरी आल्यावर भांडण लांबतं.

एटीएममध्येही हीच युक्ती असते आणि तिथे भाषा जास्त घाबरवणारी. 'कन्व्हर्जन स्वीकारा' आणि 'कन्व्हर्जन नाकारा' अशी दोन बटणं येतात. नाकारलं तर पैसेच मिळणार नाहीत असं वाटून लोक स्वीकारतात. नाकारा. पैसे येतात.

एटीएममधून पैसे काढणं महाग पडत नाही का?

थोडे थोडे काढलेत तर पडतं. समजा दर वेळी ठरलेलं शुल्क ५ युरो आणि वर ३ टक्के. ५० युरो काढले तर साडेसहा गेले, म्हणजे १३ टक्के. ३०० काढले तर १४ गेले, म्हणजे पाच टक्क्यांच्याही आत. पण म्हणून एकदम हजार काढून खिशात घेऊन फिरायचं असं नाही. तीन-चार दिवसांचे काढायचे.

यात दोन शुल्कं मिसळू नका. एक तुमची बँक लावते, दुसरं त्या यंत्राचा मालक. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर यंत्राचं शुल्क दर वेळी लागतं. बँकेच्या इमारतीतलं एटीएम घ्या, हॉटेलच्या लॉबीतलं आणि स्मृतिचिन्हांच्या दुकानाशेजारचं रंगीत यंत्र टाळा. जपानमध्ये कुठलं यंत्र परदेशी कार्ड घेईल हा प्रश्न पडला तर सेव्हन-इलेव्हनच्या दुकानात जा, तिथलं घेतं.

पिन चार आकडी असलेला बरा, कारण काही ठिकाणची यंत्रं त्याहून मोठा घेत नाहीत. पिन अक्षरांवरून लक्षात ठेवत असाल तर आकडे पाठ करा, सगळ्या कीपॅडवर अक्षरं नसतात. यंत्राने 'सेव्हिंग्ज, चेकिंग की क्रेडिट' असं विचारलं आणि एकाने नकार दिला, तर दुसरं दाबून बघा.

यंत्राने कार्डच गिळलं तर?

माझं गिळलं होतं. स्टेशनबाहेरच्या भिंतीतलं यंत्र, शुक्रवारची रात्र. पडद्यावर तिथल्या भाषेत चार ओळी आल्या आणि दोन सेकंदांत पुन्हा कर्जाची जाहिरात सुरू झाली. यंत्रावर लिहिलेल्या नंबरला फोन लागला, पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की परक्या बँकेची कार्डं आम्ही परत देत नाही, नष्ट करतो. दुसरं कार्ड मुक्कामी बॅगेत, मोज्यात होतं. तो मोजा आठवला तेव्हा कुठे घाम थांबला.

तेव्हापासून मी शक्यतो बँक उघडी असताना, तिच्याच दारातल्या यंत्रावर पैसे काढतो. तुमचं गिळलं तर तिथूनच आपल्या बँकेच्या ॲपवर कार्ड बंद करा, मग बाकीची चौकशी. आणि काही यंत्रं आधी पैसे देतात, कार्ड मागाहून. पैसे मोजत निघून जाऊ नका.

क्रेडिट कार्डावर रोख काढली तर चालेल?

चालेल, पण घर जळत असेल तरच. शुल्क वेगळं, आणि व्याज बहुधा पहिल्या दिवसापासून. खरेदीला मिळते तशी मुदत इथे मिळत नाही.

हॉटेलवाल्याने कार्डावरून जास्त पैसे कापले. फसवलं का?

बहुधा नाही. हॉटेलं आणि गाडी भाड्याने देणारे कार्डावर अनामत रक्कम अडवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर ती तुमच्या मर्यादेतून अडते, खिशाला झळ नाही. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर मात्र तुमचेच पैसे अडकतात आणि चावी परत दिल्यावरही मोकळे व्हायला कित्येक दिवस लागू शकतात. सहलीच्या पहिल्याच दिवशी निम्मी शिल्लक अशी अडकून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. अनामतीला क्रेडिट कार्ड पुढे करा, शेवटचं बिल हवं तर दुसऱ्या कार्डाने भरा.

ओटीपी येईल का?

या प्रश्नावर कुणीच आधी विचार करत नाही आणि मग सगळे अडकतात. तिथे उतरल्यावर स्वस्त पडतं म्हणून स्थानिक सिम घेतलं, घरचं सिम काढून पिशवीत टाकलं. रात्री ऑनलाइन रेल्वेचं तिकीट काढायला गेलात, बँकेने ओटीपी पाठवला, तो पिशवीतल्या सिमवर. घरचा नंबर निदान मेसेज येण्यापुरता तरी रोमिंगवर चालू ठेवा. दोन सिमचा फोन किंवा ई-सिम असेल तर काम सोपं. आणि कार्डावर परदेशी वापर चालू आहे ना, हे ॲपमध्ये जाऊन निघण्यापूर्वी बघा. कित्येक बँकांनी तो मुळात बंद ठेवलेला असतो.

फोननेच पैसे देता येतात, मग कार्ड कशाला?

फोनची बॅटरी संपते म्हणून. पण हो, फोन टेकवून पैसे देणं सुरक्षित आहे, कारण दुकानाला तुमचा खरा कार्ड क्रमांक मिळतच नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत सप्टेंबर २०१४ पासून कुठलंही कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा फोन टेकवून जाता येतं आणि दिवसाच्या खर्चाला कमाल मर्यादा असते. मात्र सकाळी फोन टेकवला आणि संध्याकाळी तेच कार्ड टेकवलं तर यंत्रणा त्यांना दोन वेगळे प्रवासी समजते. जाताना एक वापरलंत तर येतानाही तेच.

चीनमध्ये अलीपे आणि वीचॅट पे या फोनवरून पैसे देण्याच्या ॲपांशिवाय पान हलत नाही. दोन्हींना आता परदेशी कार्ड जोडता येतं. ते घरी बसून, ओटीपी येत असताना जोडा.

ट्रॅव्हलर्स चेक अजून मिळतात का?

अमेरिकन एक्सप्रेसने ते १८९१ मध्ये सुरू केले. कंपनीचे अध्यक्ष युरोपात फिरायला गेले होते आणि त्यांच्याजवळची हुंडीसारखी पतपत्रं मोठी शहरं सोडली तर कुणी वटवेना, त्या वैतागातून ही कल्पना निघाली. घेताना एक सही, वटवताना दुसरी, दोन्ही जुळल्या की पैसे, आणि हरवला तर बदली मिळायचा. एटीएम आले आणि त्याची गरज संपली. अमेरिकन एक्सप्रेस आता नवे चेक काढत नाही, जुने वटतात. वडिलांच्या कपाटात सापडला तर फेकू नका.

कार्ड चालतच नाही असेही देश आहेत?

आहेत. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी रशियातलं काम थांबवलं, तेव्हापासून बाहेरची त्यांची कार्डं तिथे चालत नाहीत. क्युबात अमेरिकन बँकांच्या कार्डांवर भरवसा ठेवता येत नाही. अशा ठिकाणी सगळी मदार रोकडीवर, आणि म्हणून मोजणी नीट करायला हवी.

जास्त रोकड नेली तर विमानतळावर अडवतात का?

नेल्याबद्दल नाही, न सांगितल्याबद्दल. युरोपीय संघात येता-जाता १०,००० युरो किंवा अधिक असतील तर, आणि अमेरिकेत १०,००० डॉलरपेक्षा जास्त असतील तर, लेखी जाहीर करावं लागतं. अमेरिकेत एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाची रक्कम एकत्र धरतात, त्यामुळे चौघांत वाटून घेण्याची शक्कल चालत नाही. स्वतःच्या देशातून किती नेता येते हा नियम वेगळा, तो वेगळा तपासा.

पैसे अंगावर कुठे ठेवायचे?

दिवसाचा खर्च पुढच्या खिशात, एक कार्ड कपड्यांच्या आत कमरेच्या पट्ट्यात, दुसरं मुक्कामी. कमरेचा पट्टा ही तिजोरी आहे, गल्ला नव्हे. चौकात उभं राहून शर्ट वर करून त्यातून नोटा काढल्यात तर आसपासच्या पाकीटमारांना तुम्ही पत्ताच दिलात. सकाळी खोलीतच दिवसाचे पैसे काढून घ्या.

दोघं असाल तर दोघांकडे वेगवेगळ्या खात्यांची कार्डं हवीत. एकाच खात्याची दोन कार्डं म्हणजे एक बंद केलं की कधीकधी दुसरंही बंद.

कार्डांवरचे बँकेचे आपत्कालीन नंबर कागदावर लिहून बॅगेत ठेवा. फोनही पाकिटासोबत जातो, आणि नंबर फोनमध्येच असतात.

परत येताना उरलेल्या पैशांचं काय?

नोटा बदलता येतात, पण दोनदा वटणावळ जाते हे वर आलंच. त्या देशात पुन्हा जायचं असेल तर थोड्या नोटा ठेवून द्या.

नाणी मात्र बहुतेक काउंटर घेत नाहीत. शेवटच्या दिवशी हॉटेलचं बिल भरताना मी सगळी नाणी काउंटरवर ओततो, जेवढी होतील तेवढी मोजून देतो आणि उरलेली रक्कम कार्डाने भरतो. दोन भागांत पैसे घ्यायला बहुतेक जण तयार असतात, फक्त आधी नाणी सांगायची, मग कार्ड. तरीही पाच-सहा राहतातच. काही विमानांत युनिसेफचं 'चेंज फॉर गुड' नावाचं पाकीट मिळतं, १९८७ पासून ते अशी उरलेली चिल्लर मुलांसाठी गोळा करतात. पाकीट हातात आलं की जॅकेटचे खिसे एकदा नीट चाचपा, एखादं नाणं आतल्या शिवणीत गेलेलं असतंच.